पोलादवंशाचा निवेदक

बालाघाटात भटेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक राइस मिल आहे. दुपारी जेवणाच्या सुटीत ती थांबते, आणि आपण सकाळपासून ओरडून बोलत होतो हे आसपासच्या माणसांना तेव्हा कुठे कळतं. त्र्यंबक आणि आशालता उमाळकर यांचं घर या मिलच्या मागच्या गल्लीत. त्यांचं रेकॉर्डिंग चालायचं ते याच सुटीत.

काम आणलं होतं प्राचीनं. ती आशालताबाईंच्या बहिणीची मुलगी, नागपूरला एका डबिंग कंपनीत नोकरीला. कंपनीकडे यंत्रमानवांची एक परदेशी कार्टून मालिका आली होती आणि ती ‘पोलादवंश’ या नावानं मराठीत करायची होती. मालिका तरी एक कुठे, वर्षानुवर्षं एकीतून दुसरी अशा पाच निघाल्या होत्या. गंजक्या तांबड्या ग्रहावर यंत्रांची दोन घराणी लढतात, एक हरून पृथ्वीवर येतं, दुसरं त्याच्या मागे येतं, आणि पुन्हा लढाई, असा सगळा मामला. यंत्रांचे आवाज मुंबईत होणार होते. उरला होता निवेदक.

“काकांचाच आवाज पाहिजे,” प्राची फोनवर म्हणाली. “मावशी, तू नाही म्हणूच नको.”

त्र्यंबकराव सिंचाई विभागातून निवृत्त झालेले. पण गावात त्यांना ओळखत ते माइकमुळे. मराठी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन त्यांचं, आणि रामपायलीच्या यात्रेत हरवलेल्या माणसांची नावं पुकारायचं कामही त्यांचंच. त्यांचा आवाज ऐकून हरवलेलं पोरगं रडायचं थांबतं, असं लोक म्हणत. घरात त्यांची बोली गावचीच, मले-तुले-काहून. माइकसमोर उभे राहिले की एकदा खोकायचे, आणि मग मला-तुला-का. एवढ्याशा खोकल्यात माणूस बदलायचा.

आशालताबाई सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होत्या. काचपट्टीवर दिसेल ते आहे, दिसत नाही ते नाही, ही नोकरीतली सवय त्यांनी घरी आणली होती. मागच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी गाद्या लावल्या, खिडकीवर जाड रजई टांगली, लॅपटॉप कसा चालवायचा ते प्राचीकडून शिकून घेतलं. त्या हेडफोन लावून बसत, त्र्यंबकराव समोरच्या खुर्चीत. शब्द अडखळला की त्या म्हणत, “पुन्हा घ्या.” आणि ते मुकाट्यानं पुन्हा घेत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी इतकं कधी ऐकलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी प्राचीनं फोनवर नियम सांगितले होते. निवेदक म्हणजे कथेतलं पात्र नव्हे. त्याला कोणी पाहत नाही, त्याचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही. जे घडलं ते त्यानं सांगायचं. ‘मी’ म्हणायचं नाही.

“पण हा उभा कुठं राह्यते?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“कोण, काका?”

“हाच, निवेदक. एवढी लढाई जवळून पाह्यते, म्हणजे कुठं तरी उभा असनच ना?”

“काका, तो फक्त आवाज आहे.”

“असं कसं? आवाजाले उभं राहाले जागा लागते.” ते हसले नाहीत. माइकच्या बाबतीत ते हसत नसत.

पहिली मालिका सहज झाली. तिच्यात निवेदक फक्त सुरुवातीला आणि शेवटी यायचा. दुसरीत तो मधेमधेही बोलू लागला. तिसरीत यंत्रंच कमी बोलू लागली. वज्रक नावाचा त्यांचा सेनापती नुसता उभा असायचा आणि त्याच्या मनात काय चाललंय ते निवेदकानं सांगायचं.

“याले सोताचं तोंड नाही का?” त्र्यंबकराव कुरकुरायचे, पण वाचायचे मात्र जीव ओतून. मूळ मालिकांत दर वेळी निवेदक वेगळा होता. जुना कुठे गेला हे एकाही भागात सांगितलेलं नव्हतं. सांगणार तरी कोण, सांगणाराच तो.

तिसरी मालिका अर्ध्यावर आली तेव्हाची गोष्ट. दोघं जेवायला बसले होते. पहिला घास घेऊन त्र्यंबकराव म्हणाले, “भात मऊ शिजला होता.”

“होता म्हणजे? आत्ताच तर वाढला,” आशालताबाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरा घास घेतला. त्या हसल्या आणि आमटी वाढू लागल्या. माणूस दिवसभर तेच वाचत असेल तर जिभेला वळण पडतंच. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनाही लोकांच्या हातावरच्या शिरा दिसत राहायच्या.

मग त्यांच्या ध्यानात आलं की घरात ‘मले’ ऐकू येत नाही. त्र्यंबकराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचे, “चहा हवा होता.” आधी खोकायचेही नाहीत. माइकचा तो स्वच्छ, घडी मोडलेली नाही असा आवाज घरभर फिरू लागला.

“अवो, घरात तरी सरळ बोला ना,” एकदा त्या वैतागून म्हणाल्या. “मले परक्यासारखं वाटते.”

“तिला परक्यासारखं वाटलं,” ते म्हणाले. खोलीत तिसरं कोणी असावं आणि त्याला सांगावं, तसं.

एका दुपारी ते पेपर वाचत होते. मंजू, त्यांच्याकडे कामाला येणारी, आत भांडी घासत होती. मान वर न करता ते म्हणाले, “मंजूच्या हातून काचेचा जग निसटला.”

आशालताबाई म्हणाल्या, “कुठं? काही आवाज नाही आला.” आणि तेवढ्यात आतून आवाज आला. पाठोपाठ मंजूचं, “हाय राम! आंटी, फूट गया!”

योगायोग, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. म्हातारपणी एखाद्याचे कान तिखट होतात. जग मोरीच्या कडेला ठेवताना जरा सरकला असेल, तो यांनी ऐकला असेल. एकदा घडलं तर त्याला त्या आजार म्हणणार नव्हत्या. पण पुढच्या आठवड्यात मिलचा भोंगा वाजायच्या आधी त्र्यंबकरावांनी ‘भोंगा वाजला’ म्हटलं, वीज जायच्या आधी ‘अंधार झाला’ म्हटलं, आणि शेजारच्या घरात मयत झाली ती बातमी घेऊन माणूस दाराशी यायच्या आधी ते उठून उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. तेव्हा मात्र त्यांनी काहीच म्हटलं नाही. आलेला माणूस त्यांच्या अगदी समोर थांबला, मान वाकडी करून आत पाहिलं आणि हाक मारली, “घर में कोई है क्या?”

आशालताबाईंनी ते पाहिलं. त्या वेळी त्यांना वाटलं, दुःखात माणसाला भान नसतं.

घनश्याम सोनवाने म्हणजे त्र्यंबकरावांचे सकाळच्या फेरीतले सोबती. रोज मोती तलावाला दोघं चक्कर मारायचे. एका सकाळी त्यांचा फोन आला.

“वहिनी, त्र्यंबकरावाची तब्येत बरी आहे ना? लय दिवस झाले, तलावावर येऊन नाही राह्यले.”

“असं कसं? रोज तर जातात.” दारातल्या चपला तेव्हाही जागेवर नव्हत्या. “आत्ता तिकडंच आहेत.”

“नाही बा,” घनश्याम म्हणाले. “मी तलावावरच आहो. आमच्या बाकावरच बसलो आहो.” मग हळूच म्हणाले, “एक सांगू का? रोज बसलो का मले त्यायचाच आवाज येते. वाटते, बाजूले बसून सांगून राह्यले. लाउडस्पीकर लावला का जी कुठं गावात?”

त्र्यंबकराव परतले ते पायाला तलावाकाठची ओली माती लावून. “घनश्याम बाकावर बसला होता,” ते म्हणाले. “त्याला एकटं वाटत होतं.” त्यांनी पाय धुतले. डोळ्यांत पाणी होतं.

त्याच दिवशी आशालताबाईंनी गोंदियाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मेंदूचे डॉक्टर, ओळखीतून मिळालेले. त्यांनी गाडी ठरवली. ड्रायव्हर चैतराम जुना, घरच्यासारखा. वाटेत त्यानं चहासाठी गाडी थांबवली आणि दोनच कप घेऊन आला, एक त्यांचा, एक स्वतःचा. आपला कप आशालताबाईंनी त्र्यंबकरावांना दिला. त्यांनी तो घेतला, प्यायले. कप रिकामा झाला, म्हणजे ते आहेत. आशालताबाईंनी हे मनात नीट नोंदवलं.

डॉक्टर भले होते. सगळं ऐकून घेतलं. बोलण्यातला बदल कधीपासून, झोप कशी, भूक कशी, घराण्यात कोणाला विसरण्याचा त्रास होता का. आशालताबाई उत्तरं देत गेल्या. शेजारच्या खुर्चीत त्र्यंबकराव हात मांडीवर ठेवून बसले होते. बराच वेळ लिहून झाल्यावर डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “आता पेशंटला आत बोलवा.”

आशालताबाईंनी शेजारी पाहिलं. त्र्यंबकरावही त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. पुढचं आधीच ठाऊक असलेल्या माणसाच्या तोंडावर असते तशी दया होती.

“ते बाहेर गाडीत आहेत,” आशालताबाई खोटं बोलल्या. “नाही येत म्हणाले.”

परतताना राजेगावजवळच्या पुलावर गाडी हळू झाली. समोर बैलगाड्यांची रांग होती. पुलाखाली पाणी थोडं होतं, वाळू फार. त्र्यंबकरावांनी आशालताबाईंचं मनगट धरलं. हात गरम होता. ओठ हलले, पण आवाज येईना. कपाळावर शीर तटतटली. एखादं जड दार ढकलावं तसं ते काहीतरी आतून ढकलत होते.

“आशे,” ते म्हणाले, “मले भेव लागून राह्यलं.”

किती तरी दिवसांनी तो ‘मले’ आला होता. आशालताबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. “मी आहो ना. काही नाही होत. घरी गेल्यावर ते काम बंद करू. आजच.”

“आंटीजी,” चैतराम आरशातून पाहत म्हणाला, “मुझसे कुछ कहा क्या?”

घरी पोचताच त्यांनी प्राचीला फोन लावला. चौथी मालिका झाली होती, पाचवी त्र्यंबकराव करणार नाहीत, तब्येत बरी नाही, सामान घेऊन जायला माणूस पाठव. प्राचीनं जास्त काही विचारलं नाही. माणूस दोन दिवसांनी येईल म्हणाली. त्यांनी माइकची वायर काढून गुंडाळून ठेवली.

मधल्या दिवसात त्र्यंबकराव मागच्या खोलीतच बसून होते. जेवायला बोलावलं तर “ते जेवले” म्हणायचे आणि उठायचे नाहीत. आशालताबाईंनी विचार केला. हा माणूस घरात त्यांचं ऐकत नव्हता, पण माइकसमोर ऐकत होता. ‘पुन्हा घ्या’ म्हटलं की घेत होता. जिथून गेला तिथूनच त्याला परत आणायचं, दुसरी वाट त्यांना दिसत नव्हती.

सामान जायचं त्या दिवशी दुपारी मिल थांबली. त्यांनी गॅसवर दूध ठेवलं होतं, तो बारीक केला, मागच्या खोलीत गेल्या, दार लावलं, वायर जोडली आणि हेडफोन कानांवर घातला. समोर त्र्यंबकराव बसले होते. पांढरा सदरा, चष्मा, गालावर दाढीचे खुंट.

“म्हणा,” आशालताबाई म्हणाल्या. “मी त्र्यंबक. मी इथं आहो.”

हेडफोनमध्ये त्यांचा श्वास आला. मग तो स्वच्छ आवाज. “त्र्यंबक तिथे होता.”

“पुन्हा घ्या. मी त्र्यंबक.”

“त्र्यंबक तिथे होता.”

“पुन्हा घ्या.”

“त्र्यंबक...” आवाज थांबला. ओठ मिटले. “म्...” नुसता म. मिटल्या ओठांच्या आत घुमत राहिलेला. त्यांचे डोळे आशालताबाईंच्या डोळ्यांवर खिळले होते आणि मान थरथरत होती.

“हौ,” त्या म्हणाल्या. “असंच. पुढं म्हणा.”

म घुमत राहिला. मग तुटला.

“आशालतानं हेडफोन काढला,” ते म्हणाले.

त्यांनी तो काढला नव्हता. त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. आजवर जे जे ते बोलले ते ते झालं होतं. हे होऊ द्यायचं नाही. एवढं एक वाक्य खोटं पाडायचं. ते एकदा खोटं पडलं की मग पुढचं पाहू.

“मी नाही काढत,” त्या म्हणाल्या. “मी बसून आहो तुमच्यापाशी.”

ते नुसते पाहत राहिले. हेडफोनमध्ये त्यांचा श्वास येत होता, जात होता.

मिल सुरू झाली. गाद्यांमधूनही तिची घरघर आत आली. आशालताबाईंचे खांदे दुखू लागले. हात खाली आले नाहीत.

ऊन खिडकीच्या रजईच्या कडेवरून सरकलं.

दारावर थाप पडली.

मग जोरात.

“आंटी! आंटी, दरवाजा खोलो!” मंजूचा आवाज हेडफोनच्या आरपार, पुसट येत होता. “गैस की बास आ रही है! पूरे घर में!”

दूध. उतू गेलं असणार, आच विझली असणार.

श्वास येत होता, जात होता. त्र्यंबकरावांनी किंचित मान हलवली. जा, अशी.

आशालताबाईंनी हेडफोन काढला आणि दाराकडे वळून कडी सरकवली. मंजू ओढणी नाकाला लावून उभी होती, गॅस बंद करून, खिडक्या उघडून आलेली. “कब से चिल्ला रही हूँ,” ती म्हणाली. मग आत डोकावून, “अकेली क्या कर रही थीं?”

आशालताबाई मागे वळल्या.

खुर्चीवर कोणी नव्हतं. बसायची उशी मधे दबलेली होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू फुगत वर येत होती.

पोलिसांत तक्रार दिली. कपडे घरात होते, चष्मा नव्हता, चपला दारातच. वैनगंगेच्या घाटांवर माणसं विचारून आली. घनश्याम रोज येऊन बसायचे. एकदा म्हणाले, “वहिनी, राग नका मानू. मले त्यायचा आवाज आठवते, चेहरा नाही येत डोयापुढं.” आशालताबाईंनी त्यांना लग्नातला फोटो दाखवला, निवृत्तीचा दाखवला. घनश्याम बराच वेळ पाहत राहिले. फोटोत त्र्यंबकराव स्पष्ट दिसत होते. “हौ,” ते शेवटी म्हणाले, पण ओळख पटल्यासारखं नाही.

आशालताबाईंनी मागच्या खोलीतल्या गाद्या काढल्या नाहीत. माइक, हेडफोन हे कंपनीचं सामान मात्र नागपूरला गेलं, लॅपटॉप घरचा म्हणून राहिला. दिवस गेले तशा त्या पुन्हा भाजी आणायला काली पुतली चौकात जाऊ लागल्या. बाई खंबीर आहे, असं लोक म्हणाले. त्या खंबीर होत्याच. घरात कधी काही ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तर त्यांनी ते कबूल केलं असतं.

उन्हाळा संपता संपता प्राचीचा फोन आला. आवाजात संकोच होता. “मावशी, तुला त्रास होईल म्हणून बोलली नव्हती. पाचवी मालिका पूर्ण झाली. पुढच्या महिन्यात दाखवणार आहेत. काकांचं काम इतकं भारी झालं, सगळ्यात भारी हीच.”

“पाचवी?” आशालताबाई म्हणाल्या. “पाचवी त्यायनं केलीच नाही.”

“असं काय करते? सगळ्या फाइली तर आल्या. तुझ्याच घरून, तुझ्याच खात्यावरून. मले वाटलं, आजारी असतानाच पूर्ण केली.” मग ती घाईनं म्हणाली, “नको ऐकू तू. मी उगाच सांगितलं.”

पण त्यांनी पाठवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मिल थांबल्यावर, त्या लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसल्या आणि पहिला भाग लावला. फक्त निवेदकाचा आवाज, बाकी काही न मिसळलेला.

आवाज त्र्यंबकरावांचाच होता. भीती नव्हती त्यात, अडखळणं नव्हतं. वज्रक वाळवंटातून एकटाच चालत होता, आणि त्याला ठाऊक नव्हतं की त्याच्याकडे कोणी पाहत आहे. आशालताबाईंनी डोळे मिटले. आवाज इतका जवळ होता की वाक्यांच्या मधला श्वासही ऐकू येत होता. त्या नीट ऐकत होत्या, पूर्वी ऐकायच्या तशा, एखादी खरखर, एखादा बाहेरचा आवाज आत आला आहे का ते टिपत.

एके ठिकाणी आला. निवेदन चालू असताना, मागे, लांबून, कडी सरकल्याचा आवाज. मग फरशीवर चपला ओढत येणारी पावलं. निवेदक क्षणभर थांबला, त्या पावलांना वाट द्यावी तसा. आणि मागून एका बाईचा आवाज आला, अगदी हलका, घाई असल्यासारखा.

“थांबा जरा. मी येऊन राह्यली.”

आशालताबाईंनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. आवाज त्यांचा स्वतःचा होता, यात शंका नव्हती. कधी बोललो, हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. त्या खोलीतला प्रत्येक दिवस त्यांनी मनात उलगडून पाहिला.

हे वाक्य त्या अजून बोललेल्या नव्हत्या.